१८८८ नंतरचं कोरं लाकूड

ऑरिन स्टॅडलरने ओरेगनच्या डोंगरांत चौतीस उन्हाळे आगी विझवल्या. वनखात्याचा हुकूम साधा होता: आज धूर दिसला, की उद्या सकाळी दहाच्या आत आग मेली पाहिजे. ऑरिन आणि धाकटा भाऊ वेंडेल कुदळ-फावडी घेऊन धावायचे आणि बहुतेकदा नऊलाच परत फिरायचे. त्याचा दोघांना कोण अभिमान!

१९८१च्या ऑगस्टमध्ये एक आग मात्र ऐकेना. दाटीने माजलेल्या कोवळ्या फरच्या झाडांवर ती चढली आणि तिथून थेट जुन्या पाइनच्या शेंड्यांना भिडली. वेंडेल त्यात सापडला, तो परत आला नाही. ऑरिनने त्याच वर्षी नोकरी सोडली.

अकरा वर्षांनी विद्यापीठातून नॅडीन कॅस्टर नावाची बाई आली. जंगल पूर्वी कसं नांदत होतं ते कळलं, तर आता त्याची निगा कशी राखायची ते ठरवता येईल, असं तिचं म्हणणं. वठलेली पाइन कुठे उभी आहेत हे ऑरिनइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. करवतही त्यानेच चालवली. नॅडीनने खोडाची चकती घासली, भिंग लावून वलयं मोजली.

"हे काळे व्रण आगींचे, मिस्टर स्टॅडलर. कधी सात वर्षांनी, कधी वीस. काही विजेच्या, काही इथल्या मूळ लोकांनी मुद्दाम लावलेल्या. झाड होरपळायचं, पण जगायचं. खालची दाटी तेवढी जळायची. शेवटचा व्रण १८८८चा."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

ऑरिन त्या कोऱ्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिला. "पुढे आम्ही आलो," तो म्हणाला.

रविवारी तो वेंडेलच्या बायकोकडे गेला आणि आगी विझवत राहिल्यानेच ती दाटी माजली, हे सगळं सांगून मोकळा झाला. आर्डिथने कॉफीचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"म्हणजे तुम्ही दोघांनी जन्मभर जे केलं, त्यानेच तो गेला?"

"आम्हाला ठाऊक नव्हतं गं."

"आता ठाऊक होऊन माझं काय भलं झालं? कॉफी संपव आणि जा, ऑरिन."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

दाटी विरळ करून हिवाळ्याआधी हलकी आग फिरवायची, असं नॅडीनने सुचवलं. गावच्या सभेत ऑरिन तिच्या बाजूने उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "जन्मभर विझवलीस, आता पेटवायचा म्हातारचळ लागला का?" लोक खोखो हसले. ऑरिन खाली बसला नाही. बऱ्याच वादानंतर चाळीस एकरांची परवानगी मिळाली.

ऑक्टोबरमध्ये पहिली काडी त्याने लावली. आधीच्या तीन वाया गेल्या होत्या. गुडघाभर ज्वाळा गवतातून सरकत गेल्या. पाइनची जाड साल काळवंडली, इतकंच. "वेंडेलने दहाच्या आत विझवली असती," तो नॅडीनला म्हणाला, आणि तोंड फिरवून उभा राहिला.

फेब्रुवारीत न्यूमोनियाने तो गेला. दफनाला आर्डिथ आली. सगळ्यांच्या मागे उभी होती. नॅडीनजवळ येऊन म्हणाली, "राग त्याच्यावर नव्हता माझा. पण जंगलावर किती वर्षं धरणार? म्हणून त्याच्यावर काढला."

आर्डिथ हातमोजे चढवत गाडीकडे निघून गेली.