मालतीकाकूंची कमी वजनाची बाळं

"अगं, उकरून काय बघतेस? पोट फाडून बाळ किती वाढलंय ते बघतात का कुणी?"

कुंपणापलीकडून आलेलं हे मालतीकाकूंचं पहिलं वाक्य. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या त्या नव्या वसाहतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. घर कोरं करकरीत, पण बाग म्हणजे नुसती चिकणमाती आणि बिल्डरने मागे टाकलेले दगडगोटे. मी अंड्यांच्या खोक्यात टोमॅटोचं बी पेरलं होतं आणि रोज काडीने माती उकरत होते. काकू शेजारी मुलाकडे राहायच्या. साताऱ्याच्या प्रसूतिगृहात तीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे बोलणं सगळं तिथलंच.

त्या तडक घरात आल्या. गरम पाण्याच्या टाकीचं उबदार कपाट उघडून माझे टॉवेल बाजूला सारले आणि खोकं आत ठेवलं. "ही आपली लेबर रूम. कळा यायच्या तेव्हा येतील. तू चहा टाक." सहाव्या दिवशी कोंब दिसले, तेव्हा पेढे मागायलाही त्याच हजर!

"लेबर वीकेंडच्या आधी रोपं बाहेर लावायची नाहीत," असं त्यांनी बजावलं होतं. ऑक्टोबरअखेरच्या, इथल्या वसंतातल्या त्या कामगार-सुट्टीचं नाव त्यांना फार आवडायचं. "हा सण खास आमच्या खात्याचा!" पण चार दिवस लख्ख ऊन पडलं आणि मला धीर धरवला नाही, रोपं आधीच बाहेर लावली. एका पहाटे हिम पडलं. सोळाच्या सोळा रोपं काळी पडली.

मी पायरीवर बसून रडले. टोमॅटोचं निमित्त झालं. नोकरी मिळत नव्हती, मी मराठीत बोलले की लेक इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि निदान एवढं तरी जमतंय असं वाटायला लागलं होतं. काकू शेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, "माझ्या हातूनही गेलीत गं काही. घरी येऊन रडायचे. पण दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जावंच लागायचं. पुढची बाई आलेली असायची ना."

संध्याकाळी त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्यांतून आठ रोपं आणून दिली. सगळी किडकिडीत. दाटीतली अशक्त रोपं उपटून टाकायची असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण हात धजत नसे. "कमी वजनाचं म्हणून टाकून देतात का?" त्या ती वाढवायच्या आणि दर रविवारी नातीच्या जुन्या बाबागाडीत घालून गल्लीभर वाटायच्या. दार उघडलं की इथल्या माओरी नमस्काराने सुरू होणारं ठरलेलं भाषण: "किया ओरा! बेबी टोमॅटो. सनी प्लेस. डेली वॉटर, नॉट टू मच!" नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. झेंडूही असाच घरोघरी गेला आणि दसऱ्याऐवजी संक्रांतीला फुलला.

मार्चमध्ये त्यांच्या मुलाला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली. निघायच्या सकाळी टॅक्सीभोवती अख्खी गल्ली जमली. समोरचे म्हातारे ग्रॅहम घरच्याच रबरी चपलांत आले होते, कोपऱ्यावरचं सामोअन कुटुंब पोराबाळांसकट. निम्म्यांची नावं मला तेव्हाच कळली. प्रत्येकाने आपल्या रोपाचे टोमॅटो आणले होते. काकू एकेक टोमॅटो तळहातावर तोलून निकाल देत होत्या, "हेल्दी! व्हेरी हेल्दी!"

शेवटी मी माझा पुढे केला. त्यांनी तो तोलला, मग माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"बाळ छान आहे," त्या म्हणाल्या, "आणि आईचीही तब्येत आता सुधारलीय. चला, मी निघायला मोकळी."