सहा रविवार ओके

आमचं लग्न म्हणजे क्वालिटी आणि प्रॉडक्शनमधला तह आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी रोज मोडला जातो. चाकणच्या ज्या कंपनीत आम्ही भेटलो तिथे गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनायचे. माल बनवून ट्रकमध्ये चढवायचा हे त्याचं काम, आणि त्यातला वाईट माल अडवायचा हे माझं. मी लाल स्टिकर लावलं की तो लांबूनच ओरडत यायचा, "ओ क्वालिटीवाल्या मॅडम, केसाएवढा ओरखडा हाय त्यो! त्यानं गाडी काय थांबायची न्हाई!" मी ढिम्म हलायचे नाही. दीड वर्ष असं भांडून झाल्यावर एकदा कँटीनमध्ये तो समोर येऊन बसला आणि म्हणाला, "माझ्यात काय काय खोट दिसते ते एकदा लिहून द्या. घरी तुमच्याबद्दल बोलायच्या आधी कळलेलं बरं." मी म्हटलं, कागद पुरायचा नाही. पुढचं सगळं त्या कागदाशिवायच झालं.

तो चाकणजवळच्या जुन्या गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. मी संत तुकाराम नगरात वाढलेली, माझे वडीलही कंपनीतलेच. लग्नानंतर आम्ही माझ्या माहेरापासून दोन गल्ल्यांवर घर घेतलं. पुढे त्याने कंपनी बदलली, मी तिथेच राहिले. आता दोघं वेगवेगळ्या बसने चाकणला जातो आणि आपापल्या कंपनीतली भांडणं घरी आणून एकमेकांना सांगतो. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, एरवी तू. तो चारचौघांत पुणेरी बोलतो, पण चिडला की गावाकडचा होतो. मला तो चिडलेलाच जास्त आवडायचा, कारण चिडल्यावर तो काहीच लपवून ठेवू शकत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. मी त्याला सांगितलं तो डिसेंबरचा पहिला आठवडा होता. तो तेव्हा डिस्पॅचच्या कचाट्यात होता आणि त्याने प्रॉडक्शनवाल्याच्या सवयीने उत्तर दिलं, "एवढी महिनाअखेर जाऊ दे, मग दाखवू. साधी गाठ असेल." आम्ही तीन आठवड्यांनी गेलो. साधी नव्हती. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं, आणि मग रोजची एक गोळी मागे लागली, ती अजून चालू आहे. त्या तीन आठवड्यांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला दोनदा समजावलं. त्याने दोन्ही वेळा मान डोलावली आणि दोन्ही वेळा विश्वास ठेवला नाही.

तेव्हापासून माझा नवरा बदलला. ओरडणं बंद झालं. गावाकडची भाषा गेली. माझ्याशी तो बातम्या दिल्यासारखा बोलायला लागला, "तुला काही हवं आहे का? तू थोडा आराम करणार आहेस का?" मी मुद्दाम कुरापत काढायचे, त्याच्या कंपनीचा माल भंगार आहे म्हणायचे, तर तो म्हणायचा, "असेलही." असेलही! ज्या माणसाने केसाएवढ्या ओरखड्यासाठी माझ्याशी दीड वर्ष भांडण केलं, तो म्हणतो असेलही. मला त्याची फार माया यायची आणि तितकाच वैतागही.

आणि त्याने तक्ता केला. कंपनीत मशीन सुरू करण्याआधी टिकमार्क करायचा कागद असतो, तेल बघितलं, बेल्ट बघितला, तसाच. पुढे कशाकशावर लक्ष ठेवायचं हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ते त्याने ओळीने लिहिलं. नवीन गाठ. हाडांत दुखणं. न जाणारा खोकला. धाप. सतत डोकं दुखणं. हाताला सूज. कपाटाच्या दाराला आतून तो कागद चिकटवलेला आहे आणि दर रविवारी चहा झाला की तो पेन घेऊन उभा राहतो. तो एकेक विचारतो, मी ओके म्हणते, तो टिक करतो. आयुष्यभर मला "जाऊ द्या की मॅडम" म्हणणारा माणूस कधी नव्हे तो तपासणीवर विश्वास ठेवायला लागला, तोही माझ्यावर.

यंदा फेब्रुवारीत मला डाव्या बाजूला, काखेखाली चार बोटांवर, बरगडीत दुखायला लागलं. खोल श्वास घेतला की, कुशीवर वळलं की, आणि हसलं की. पहिल्या दिवशी वाटलं अवघडलं असेल. चौथ्या दिवशी मी बाथरूममध्ये दोन्ही बाजूंच्या बरगड्या बोटांनी दाबून बघत होते, डावी, उजवी, पुन्हा डावी. तुलना करायची माझी सवयच. दाबून दाबून इतकी दुखायला लागली की मूळचं दुखणं कुठलं आणि मी केलेलं कुठलं तेच कळेना. चहाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचायचे, आणि वाचता वाचता चहा निवून जायचा. हाडात उतरणे, असे शब्द तिथे असतात. एकदा आजार होऊन गेलेल्या बाईला साधं दुखणं म्हणून काही उरतच नाही. गुडघा दुखला तरी आधी तेच आठवतं.

त्या रविवारी त्याने विचारलं, "हाडांत दुखणं?" मी म्हटलं, ओके.

आमच्याकडे डेव्हिएशन नावाची एक सोय असते. माल ड्रॉइंगपेक्षा जरा वेगळा निघाला, पण वापरता येण्यासारखा वाटला, तर कारण लिहून, सही करून तो सोडता येतो. मी नोकरीत अशा सह्या फार कमी केल्या आहेत, त्याबद्दल माझी ख्याती आहे आणि शिव्याही खाल्ल्या आहेत. पण स्वतःला मी एका आठवड्याचं डेव्हिएशन दिलं. मग आणखी एका. कारण असं, की दुखतंय म्हटल्यावर त्याचा चेहरा कसा होईल ते मला माहीत होतं, आणि तो चेहरा बघायची माझी तयारी नव्हती. दुसरंही एक कारण होतं, पण ते मी तोवर स्वतःशीही उच्चारलं नव्हतं. असे सहा रविवार मी ओके झाले.

पकडले गेले ती पिंपरीच्या भाजीबाजारात. भाजी घेताना मी भेंडीचं शेपूट मोडून बघते, वांग्याचा देठ बघते, टोमॅटो उलटा करते. यावर त्याचं एक जुनं नाटक आहे. तो माझ्या मागे उभा राहून भाजीवाल्या मावशींना गंभीरपणे सांगतो, "मावशी, लॉट रिजेक्ट. कंपनीत परत पाठवा." आजारानंतर हे नाटक जवळजवळ बंदच पडलं होतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, त्याने ते पुन्हा केलं. मावशींनीही तोडीस तोड उत्तर दिलं, "बाईंनी तुम्हाला कसं काय पास केलं, दादा?" मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी बरगडीत अशी कळ आली की मी बाजू धरून शेजारच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसले.

तो पिशवी तिथेच ठेवून माझ्यासमोर उकिडवा बसला. माझा हात बाजूला करून, नेमकं कुठे दुखतंय तिथे हलकेच दोन बोटं ठेवली. मी तोंड वाकडं केलं.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"सहा आठवडे."

मला वाटलं आता तो बोलेल. तो उठला, भाजीची पिशवी घेतली, आणि गाडीकडे चालू लागला. ती मार्चची तीस तारीख होती. महिनाअखेर आणि वर्षअखेर एकत्र. प्रॉडक्शनचा माणूस या दिवसांत घरचं कार्य असलं तरी पाहुण्यासारखा हजेरी लावून परत जातो. त्याने गाडीपाशी उभं राहून साहेबांना फोन केला, "सर, दोन दिवस येत नाही." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. "होय सर. तरीही येत नाही," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला. मला तिथेच रडू यायचं बाकी होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दुपारी तपासलं. सहा आठवडे सांगितलं नाही म्हणून माझी बिनपाण्याने केली. बहुधा रेडिएशनने आखडलेली बाजू असावी, पण बघितल्याशिवाय मी बोलणार नाही, म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी हाडांचा स्कॅन करायला पाठवलं.

रिपोर्ट चांगला आला, हे इथेच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावणं मला जमत नाही. हाडं स्वच्छ होती. रेडिएशन झालेल्या बाजूचे स्नायू आखडतात, रोजच्या गोळीनेही अंग धरतं, आणि डावा हात जपायच्या नादात मी वर्षानुवर्षं वाकडी बसत होते. व्यायाम दिले, तीन महिन्यांनी परत बोलावलं, आणि सांगितलं की नवीन काही वाटलं आणि पंधरा दिवसांत गेलं नाही तर यायचं, रविवारची वाट बघायची नाही. पण मला सांगायचंय ते रिपोर्टच्या आदल्या दिवसाचं, कारण तेव्हा यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं.

स्कॅनच्या आधी हातात एक इंजेक्शन देतात आणि ते हाडांपर्यंत पोचेस्तोवर तीन तास थांबायला लावतात. भरपूर पाणी प्यायचं, एवढंच काम. इंजेक्शन अर्थात उजव्या हातात, ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताला सुई टोचायची नसते, हे त्याने नर्सला तीन वेळा सांगितलं. मग आम्ही बसून राहिलो. तो दर दहा मिनिटांनी बाटली पुढे करायचा. समोरच्या टीव्हीचा आवाज बंद होता. एक म्हातारे गृहस्थ मान टाकून झोपले होते.

तासाभराने तो अचानक म्हणाला, "हे माझ्यामुळे झालं आहे. तेव्हा तीन आठवडे मी थांबवलं. मी तो माल पास केला." तीच बातम्यांची भाषा, खाली मान घालून. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने ते तोंडाने म्हटलं.

आणि मला कळलं की आता गप्प राहिले तर मी फार वाईट बाई ठरेन.

मी म्हटलं, "मला ती गाठ ऑक्टोबरमध्येच लागली होती."

त्याने मान वर केली.

"आंघोळ करताना. बोटाला लागली. आमच्याकडे कस्टमरचं ऑडिट होतं. म्हटलं ऑडिट होऊ दे. मग दिवाळी आली, म्हटलं दिवाळी होऊ दे. तुला सांगितलं तोवर दोन महिने झाले होते. तुझे तीन आठवडे आहेत, माझे दोन महिने आहेत. सगळ्या कंपनीचा माल मी अडवते आणि माझ्याच अंगातलं मी सोडून दिलं. हे तुला कोणत्या तोंडाने सांगू? बरगडीचं सांगितलं असतं तर हेही निघालं असतं, म्हणून तेही लपवलं. तू मनाला लावून घेत होतास आणि मी तुला घेऊ दिलं. तीन वर्षं."

मला वाटलं होतं तो रडेल, किंवा उठून बाहेर जाईल. तो ताडकन उभा राहिला आणि ओरडला.

"तीन वरीस! तीन वरीस मी सोताला खातोय, आन तू मला आत्ता सांगतीस व्हय? आन वर रविवारी ओके, ओके! क्वालिटीवाली म्हनं! अगं, तुझ्यापरीस आमचा हेल्पर बरा, त्यो चूक झाली तर कबूल तरी करतो!"

म्हातारे गृहस्थ दचकून जागे झाले. नर्स काचेच्या दारातून डोकावली. सगळी माणसं आमच्याकडे बघत होती, आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. बरगडीत काय आहे माहीत नव्हतं, अंगात औषध भिनत होतं, पुढचं काहीच ठाऊक नव्हतं, आणि मला आनंद झाला होता, कारण तो माझ्यावर ओरडत होता. चुकलेल्या बायकोवर ओरडावं तसा, चांगला घसा ताणून. मी म्हटलं, "ओरड. अजून ओरड."

"ओरडनारच! मी काय भितो व्हय तुला?" असं म्हणत त्याने दोन येरझाऱ्या घातल्या. मग तो माझ्याशेजारी येऊन बसला. तीन आठवडे आणि दोन महिने यांचा हिशोब तो करत असेल असं मला वाटलं. तो दुसराच काहीतरी विचार करत होता.

"म्हंजी त्या दिवाळीत," तो हळूच म्हणाला, "तू करंज्या लाटत व्हतीस, आईशी हसत व्हतीस, तवा तुला ठावं व्हतं?"

मी मान डोलावली.

"दोन म्हैनं येकटीच?"

"हो."

त्याने तोंडावरून हात फिरवला. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"मी शेजारीच झोपत व्हतो की गं," तो म्हणाला.