उतरण्याआधीची फेरी

पालीच्या म्हाळू शिंगाडे यांनी मोबाइल आधी हातभर लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला आणि विचारलं, "याला कठडा कुठंय?"

"आबा, स्विमिंग पूल हाय त्यो. त्याला कावून कठडा?" धनश्री म्हणाली.

नात दहा वर्षांची, तिचा भाऊ हरिओम चार वर्षांचा. पुण्याच्या पलीकडे, घाटाखाली मोठं थीम पार्क आहे. धनश्रीच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीत तिथं जाऊन आली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. मुलगा परमेश्वर पिकअप चालवतो. त्यानं मे महिन्यातले दोन दिवस मोकळे ठेवले. घरातली सहाही माणसं जाणार होती. अशी सहल या घरात पहिलीच. अडलं होतं ते मुक्कामाचं.

पार्कातलं हॉटेल कधीच भरलेलं. उरली दोन ठिकाणं. एक लॉज, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गॅलरीतून पेट्रोल पंप दिसणारा. दुसरं हॉटेल तळमजल्याचं, रांगेत खोल्या आणि प्रत्येक दारापासून चार पावलांवर निळं पाणी. पाणी फरशीला अगदी समतल. फोटोत फरशी कुठं संपते ते नीट कळत नव्हतं.

"मायला जिना चढता येत न्हाई," परमेश्वर म्हणाला. "तिच्या गुडघ्यापायी तर हे बघितलं."

"वरलंच घे," म्हाळूबा म्हणाले.

"आन् मायला काय पाठकुळी घेऊ?"

"मामाचं काय सांगता," सून बबिता भाकरी थापता थापता म्हणाली. "लग्नाच्या हॉलात गेले तरी जेवायच्या आधी मागची भिंत बघून येत्यात. माज्या बाळंतपणात नर्सबाईनं इचारलं, ह्ये आजोबा दवाखाना इकत घ्यायलेत का?"

सगळे हसले. म्हाळूबा हसले नाहीत. घरात या सवयीला 'आबाची फेरी' म्हणतात.

फेरी मूळची मेंढरांची. म्हाळूबा चाळीस वर्षं मेंढरांमागे फिरले. पीक निघालेल्या रानात कळप रात्रभर बसवायचा, शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य आणि चारा. रान ठरलं की घोडं उभं राहतं, पण त्याच्या पाठीवरचं बिऱ्हाड लगेच उतरत नाही. कर्ता माणूस काठी आपटत रानाला पूर्ण फेरी मारतो. बीळ, खड्डा, काटेरी तार, लांडग्याची वाट, सगळं पाहतो. परत येऊन म्हणतो, "उतरवा." मग बायका घोड्याला हात लावतात, पोरं खाली सोडतात. म्हाळूबांचे वडील असंच करत, त्यांचेही वडील. फेरी बाईमाणूस मारत नाही.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, त्यांचं बिऱ्हाड सिरसाळ्याच्या शिवारात राधाकिशन नावाच्या शेतकऱ्याच्या रानात उतरलं. दुपारचे चार वाजले असतील. परमेश्वर तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याच्या पाठची सायली चार वर्षांची. रान ओळखीचं होतं, सलग तीन वर्षं त्यांनी तिथं मेंढरं बसवली होती. म्हाळूबांची बायको चतुराबाई चुलीसाठी दगड शोधत होती. सायलीनं छोटा पितळी तांब्या उचलला आणि पाणी आणते म्हणून गेली. तिनं पाणी पाहिलं होतं. बाकी कुणी पाहिलं नव्हतं.

विहीर त्याच उन्हाळ्यात खोदलेली होती. बांधकाम व्हायचं होतं. पावसानं ती काठोकाठ भरली आणि भोवती कंबरभर गवत माजलं. पंचनाम्यात राधाकिशननं सांगितलं, हा माणूस दरसाल फेरी मारतो, त्याला दिसेलच म्हणून वेगळं सांगितलं नाही. म्हाळूबांनी सांगितलं, फेरी मारली, गवतात विहीर दिसली नाही. पुढं मोटर लावून विहीर उपसली. तळाशी तांब्या सापडला नाही.

तेव्हापासून ते कुठल्याही अनोळखी जागी काठी आपटत चालतात, आणि प्रत्येक ठोक्यानंतर क्षणभर थांबतात. लोकांना वाटतं दम लागला. ते पितळेचा आवाज येतो का ऐकत असतात. विमानतळासारख्या गुळगुळीत फरशीच्या मंगल कार्यालयातसुद्धा.

"आवं, घेऊ द्या त्याला खालची खोली," चतुराबाई म्हणाल्या. त्या तूरडाळीतले खडे निवडत होत्या. "लेकराची हौस हाय. आन् तुमी मारा की फेरी तितं बी."

"फेरीनं पाणी हटत न्हाई."

"न्हाईच हटत. त्याच दिशी कळलं मला." त्यांची नजर सुपातच होती. "तवा बी फेरी मारली व्हती न तुमी? मारूनशान बी जे व्हायचं ते झालं. देवानं न्यायचं ठरीवलं, मानूस काय करतंय. मी तर मनाला तेवढंच सांगत आले. मग आता ह्या निळ्या पान्याला कावून भ्यायचं?"

एवढंच त्या सांगत आल्या होत्या. नारायणगडाला दर खेपेला हेच सांगून पाया पडल्या होत्या. म्हाळूबांना ते पाठ होतं. त्या एका वाक्यावर बाईनं अठ्ठावीस वर्षं काढली होती, आणि त्या वाक्यातला पहिला तुकडा खोटा होता.

परमेश्वरनं मोबाइल हातात घेतला. "मग करतो बुक."

दारात हरिओम उभा होता. हातात प्लॅस्टिकचा मग, अंगावर पाणी.

"मारली न्हवती," म्हाळूबा म्हणाले.

"काय?"

"फेरी. त्या दिशी मारली न्हवती मी. म्हनलं ओळखीचं रान हाय, दरसालचं. घोड्यापशीच उभा ऱ्हायलो, बिडी पेटीवली आन् म्हनलं उतरवा."

तव्यावर भाकरी जळल्याचा वास आला. बबितानं ती उलटली नाही. चतुराबाईंचा हात सुपात होता तिथंच थांबला. मग त्यांनी एक खडा उचलला, बाजूला टाकला, दुसरा उचलला. डाळ संपेपर्यंत त्या निवडत राहिल्या. सूप भिंतीला लावून ठेवलं आणि उठताना मुलाला म्हणाल्या, "वरली घे. मी चढते."

धनश्री रडली. कुणी समजूत काढली नाही.

पुढचे अकरा दिवस चतुराबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चहा समोर ठेवत होत्या. औषधाची गोळी पाण्याबरोबर ठेवत होत्या. म्हाळूबांनी दोनदा घसा साफ केला आणि कप उचलला.  परमेश्वरला आता आठवत होतं की त्या दिवशी घोड्यावरून आपल्याला लगेच खाली सोडलं होतं. आठ वर्षांच्या पोराला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

घाट उतरून ते दुपारी दीडला लॉजवर पोचले. चतुराबाईंनी कठड्याला धरून तीन मजले चढायला पाऊण तास घेतला. प्रत्येक वळणावर बसल्या. बबिता हात द्यायला गेली तर म्हणाल्या, "सोड." म्हाळूबा दोन्ही खांद्यांवर पिशव्या आणि बगलेत काठी घेऊन एक पायरी मागं राहिले.

खोलीचं दार उघडलं. हरिओम आत धावणार तोच आजीनं त्याची कॉलर धरली आणि बबिताच्या हाती दिली. मग वळून नवऱ्याच्या बगलेतली काठी ओढून घेतली.

"आजी, तिकडं काय नाय, टेरेस आहे," लॉजचा माणूस म्हणाला.

त्या गेल्या. काठीचा ठोका ऐकू येत राहिला. आधी मोरीत, मग गॅलरीत, मग वरच्या टेरेसच्या चारही बाजूंनी. प्रत्येक ठोक्यानंतर त्या क्षणभर थांबत होत्या. म्हाळूबांनी ते थांबणं ओळखलं. गॅलरीतून पेट्रोल पंपाच्या मागं त्या दुसऱ्या हॉटेलचं पाणी दिसत होतं, दुपारच्या उन्हात पत्र्यासारखं सपाट. कुणाचं तरी लहान मूल त्याच्या काठावर उकिडवं बसलं होतं.

पिशव्यांचे बंद खांद्यात रुतले होते. परमेश्वर म्हणाला, "बा, ठेवा की खाली." म्हाळूबांनी मान हलवली आणि तसेच उभे राहिले.

वीस मिनिटांनी चतुराबाई परत आल्या. धाप लागली होती. काठी दाराला टेकवली, नवऱ्याकडे न बघता उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

"उतरवा," त्या म्हणाल्या.