आधी निरोप, मग हंडा

जगावर येऊ घातलेलं प्रत्येक संकट आधी आमच्या अप्पांच्या ओट्यावर टेकून, पाणी पिऊन, मगच पुढे निघत असावं अशी आमच्या बोळाची खात्री होती. अप्पा आमचे नात्याचे कुणी नव्हते. सोलापुरात गिरणीच्या भोंग्यावर लोक घड्याळं लावायचे त्या काळात ते गिरणीच्या टाइम ऑफिसात होते, आणि निवृत्त झाल्यावर कामगारांची हजेरी संपली म्हणून त्यांनी संकटांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा रेल्वेत, कुर्डुवाडीला; म्हणजे सकाळी निघून बापाबरोबर जेवून संध्याकाळी परत जाता येईल इतका जवळ. तो दिवाळीला यायचा, आणि तेव्हाही त्याचं निम्मं लक्ष परतीच्या गाडीकडे असायचं. बोळाच्या तोंडाशी अप्पांचं घर आणि पार टोकाशी आमचं. मधली सगळी घरं मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांतून त्यांना वैतागलेली असायची.

पाडव्याला देवळात गुरुजी पंचांग वाचून वर्षफल सांगत. बाकीचे लोक धान्य पिकणार की नाही एवढं ऐकून घरी जेवायला जात. अप्पा मात्र पहिल्या रांगेत बसून फक्त अरिष्टं तेवढी टिपून ठेवल्यासारखी डोक्यात भरून आणत आणि दुपारी, श्रीखंडानं सगळा बोळ पेंगुळलेला असताना, दारोदार काठी वाजवून लोकांना आपल्या ओट्यासमोर गोळा करत. "गुरुजी संकट सांगत्यात आन दक्षिणा घेऊन जात्यात. उपाय कोन सांगनार? बसा खाली," अशी सभेची सुरुवात व्हायची. मग आग लागली तर कुणी काय उचलायचं, रोगराई आली तर कुणाच्या माडीवर आजाऱ्यांना ठेवायचं, हे येत्या वर्षापुरतं ठरायचं. ज्यांची माडी जायची ते भांडायचे. अप्पा भांडण संपेपर्यंत शांतपणे सुपारी कातरत बसत आणि शेवटी माडी घेतच.

प्रत्येक घरात कडक भाकरीचा एक डबा भरलेला असलाच पाहिजे हा त्यांचा कायदा. तो डबा ते अचानक येऊन तपासत. भाकरी काढून बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करत, कान लावून ऐकत, आणि "ही बसली की हो. ओल धरलीया," म्हणून तोंड पाडत. लढाईच्या वेळी ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळा कागद लावायचा हुकूम होता. लढाई संपली तसे सगळ्यांनी कागद फाडून टाकले. अप्पांच्या खिडक्यांवर तो तसाच राहिला. "परत लढाई लागली तर परत कुटं चिकटवत बसू?" ते म्हणायचे. मला वाटतं, उजेड आत घेऊन दाखवायला त्या घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणूनही तो राहिला असेल.

त्यांची खरी कर्तबगारी म्हणजे निरोपाची साखळी. बहात्तरच्या दुष्काळात टँकर कधी येईल याचा भरवसा नसायचा. अप्पांच्या ओट्यावरून सगळा रस्ता दिसे. टँकर दिसला की त्यांनी शेजारच्या अक्कांना सांगायचं, अक्कांनी पुढच्या घराला, असं करत निरोप आमच्यापर्यंत यायचा. पहिल्याच दिवशी अक्कांनी निरोप ऐकला, हंडा उचलला आणि त्या धावल्या. पाणी भरून आल्यावर त्यांनी पुढच्या घराला सांगितलं. पुढच्या घरानंही तेच केलं. आम्हाला टँकरची बातमी कळली तेव्हा रस्त्यावर नुसता ओला डाग उरला होता. त्या संध्याकाळी अप्पांनी बोळाच्या मधोमध उभं राहून नियम पुकारला, "आधी निरोप, मग हंडा!"

अक्का मागावरच्या चादरी विणणाऱ्या, तेलुगू घरातल्या, जिभेला तिखट. त्या म्हणाल्या, "आन मी निरोप सांगंस्तवर पानी संपलं म्हंजे? तुमी देनार काय?"

"व्हय, मी देनार," अप्पा म्हणाले, आणि खरंच ते आपला हंडा रांगेत ठेवायचे तो ज्याला मिळालं नाही त्याच्यासाठी. त्यांना स्वतःला किती लागत होतं म्हणा. एकट्या माणसाचं आंघोळीचं पाणीही थोडंच.

याला जोडून दुसरा नियम होता: निरोप आला नाही, तर बोळात सगळं ठीक आहे असं समजून निवांत राहावं. हा नियम आम्हाला फार आवडला. दुष्काळ सरला, पाणी आलं, तरी कसल्याही बातमीसाठी साखळी राहिली. आणि रोज सकाळी बोळभर फिरून प्रत्येकाच्या रांजणाचं झाकण उचलून आत डोकावण्याचा अप्पांचा परिपाठही राहिला. आमच्या आईला याचा भारी राग. "माझ्या घरचं पाणी हे बघणार!" असं ती मला ऐकवायची, आणि अप्पा आले की चहा ठेवायची. मी तेव्हा कॉलेजात होते. मला दोन्ही गोष्टींचं हसू यायचं.

एका उन्हाळ्यात एके दिवशी निरोप आला नाही. त्यात विशेष काही नव्हतं, बोळ निवांत होता. अक्का तर म्हणाल्याही, की आज अप्पांनी डोकं खाल्लं नाही, बरं वाटलं. दुपारी आई पाणी घ्यायला रांजणापाशी गेली आणि तिथेच थांबली. "आज झाकण कुणी उचललं नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, बरंच झालं की. ती पायात चप्पलही न घालता तापलेल्या बोळातून निघाली, तिच्यामागे मी.

अप्पा मोरीत पडले होते, सकाळपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं. आम्हाला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "निरोप कुनी दिला?"

"कुणीच नाही," आई म्हणाली.

साखळी अप्पांपासून सुरू व्हायची. सगळ्यांना सगळ्यांची खबर लागेल अशी योजना त्यांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केली होती आणि त्यांची खबर घेणारं घरच तिच्यात नव्हतं. "मग योजनेत चूक हाय," ते पुटपुटले.

पुढच्या पाडव्याची सभा त्यांनी खाटेवरून घेतली. आग झाली, रोगराई झाली, माडीचं भांडण झालं, लोक उठायला लागले. तेव्हा अप्पा सुपारीकडे बघत म्हणाले, "अजून येक. शेवटच्या घरानं रोज संध्याकाळी निरोप मला परत आनून द्यावा. तपासनीसाठी."

"कुठला निरोप?" अक्कांनी विचारलं.

"असंल तो. नसला, तर न्हाय म्हनून सांगायचं."

कुणी हसलं नाही. आई पदर सारखा करत म्हणाली, "आणीन की मी."

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी बोळ चालून जायची आणि दारातून सांगायची, "अप्पा, आज काही नाही." आतून आवाज यायचा, "बरं. पोचला." एवढंच. कधी त्यावर तासभर गप्पा व्हायच्या, पण निरोप आधी.

पुढे मुलगा त्यांना कुर्डुवाडीला घेऊन गेला. टांग्यात बसताना अप्पांनी अक्कांना बजावलं की आता पहिलं घर तुमचं. आईनं विचारलं, "आणि तिकडं तुमची साखळी?" ते म्हणाले, "तितं बोळ न्हाय हो. क्वार्टर हायत." त्याच संध्याकाळी आई सवयीनं निघाली आणि कुलपापर्यंत जाऊन परत आली.

आता आई नाही, अप्पाही नाहीत. मी पुण्यात एकटी राहते. शेजार चांगला आहे, दारं बंद असतात. संध्याकाळी कामावरून येते, दिवा लावते, पाणी प्यायला माठापाशी जाते. झाकण मी सकाळी ठेवलं होतं तसंच असतं.