आधी जाळीत झोपणारे आप्पा

प्रत्येक खेळाआधी आप्पा जाळीत पाठ टेकून झोपायचे. सर्कशीत झोपाळ्यावरून कुणी निसटलं तर झेलणारी ती जाळी बांधणं हे त्यांचं काम. चारही कोपरे स्वतः ताणायचे. दुसऱ्याचा हात लागलेला खपायचा नाही. "आधी माझी पाठ, मग पोरींची," म्हणायचे.

सर्कस हिवाळ्यात बेळगावला उतरली की आप्पा अनगोळात, आमच्या शेजारच्या आपल्या घरी जेवायला येत. मला पाहिलं की टोमणा ठरलेला : "काय रं कालेजवाल्या, तुझं इंग्रजी माणूस झेलतंय का?" आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. राग यायचाच.

महायुद्धाआधीच्या एका हिवाळ्यात सर्कशीतल्या रोजच्या जगण्याचा चित्रपट काढायला एक गोरा साहेब आला. दुभाष्या मी. हत्तीची आंघोळ, पोरींची वेणीफणी, आप्पांच्या हातातली भाकरी, साहेबानं सगळं टिपलं. पण तंबूत उजेड पुरेना. म्हणून झोपाळ्याच्या खेळासाठी आदल्या दिवशीच वरचं कापड उतरवलं.

सकाळी आप्पांनी जाळी ताणली, नेहमीसारखं झोपून पाहिलं. दोर दवानं भिजले होते. भिजलेला दोर आखडतो, वाळला की सैल पडतो. जन्मभर तंबूच्या कोरड्यात दोर ताणलेल्या माणसाला त्या सकाळी ते सुचलं नाही. दुपारी त्यांची लेक गोदी वर चढली, तेव्हा त्यांनी दोर चाचपला.

"थांब रं. परत झोपून बघतो."

साहेब घड्याळ दाखवत होता.

"सकाळी झोपलासा की आप्पा," मी म्हणालो. "उजीड चाललाय."

"व्हय, झोपलो खरं." ते बाजूला झाले. त्यांचं म्हणणं मी साहेबाला सांगितलंच नाही.

गोदीचा हात सुटला. जाळी तिच्यासकट जमिनीला टेकली. तिसऱ्या दिवशी ती गेली. आप्पा रडले नाहीत. मीही नाही. सर्कस निपाणीला गेली; तिथंही जाळी आप्पांनीच बांधली.

पुढल्या वर्षी तो चित्रपट बेळगावच्या कॅम्पातल्या थिएटरात लागला. आम्ही दोघं गेलो. पडद्यावर गोदी वर चढली, खाली बघून हसली, आणि एकदम हत्ती पाण्यात.

"मधलं कुठं गेलं रं?"

"कापलंय, आप्पा."

"मला तेच बघायचं हाय. माझी गाठ सुटली का नुसता दोर ढिला पडला, एवढं कळू दे. साहेबाला पत्र घाल."

मी हो म्हटलं. मग दर हिवाळ्याला ते विचारायचे, "आलं का उत्तर?" मी म्हणायचो, "न्हाय अजून." असे चार हिवाळे गेले. पाचव्याला आप्पा आलेच नाहीत. त्यांची ट्रंक तेवढी आली.

पत्र मी लिहिलंच नव्हतं. तो तुकडा आला असता तर त्यात गाठ दिसली असती की नाही, ठाऊक नाही. जाळीपाशी उभा राहून, हात वर करून गोदीला 'चल' म्हणणारा मी मात्र दिसलो असतो.