भूमितीच्या तासाआधी पुरणपोळी

कसं सांगू बाई तुम्हाला! आज आठवलं की हसू आवरत नाही. तेव्हा मात्र देवीपुढं तोंड दाखवायची चोरी झाली होती. आणि त्याला कारण माझाच नवस!

आमची वैशाली दहावीला. सहामाहीत भूमितीत गेली. सासऱ्यांनी बजावलं, "बोर्डात नापास झाली तर शिक्षण बंद. पुन्हा बसवणार नाही." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी देव्हाऱ्यापुढं पदर पसरला, "आई, पोरगी एका दमात सुटू दे. परीक्षा होईस्तोवर दर शुक्रवारी पाच कुमारिकांना पुरणाचं जेवू घालीन!"

आता कुमारिका आणायच्या कुठून? शाळा पडेगावात आमच्या घरामागंच. मधल्या सुट्टीत वैशाली वर्गातल्याच चार मैत्रिणी घेऊन यायची, पाचवी ती स्वतः. शेजारच्या रुबीनाभाभींची सनापण त्यातच. पोरी पोटभर जेवल्या म्हणजे देवी जेवली, नाही का?

आणि काय सांगू, भूमितीच्या चाचणीत मार्क आणखी घसरले! मी म्हटलं, आई रुसली. तुपाला हात आखडला असणार माझा! पुढच्या शुक्रवारी पोळीवर तुपाची धारच सोडली. मार्क अजून खाली. मग खीर वाढवली. पोरी हात आडवे धरायच्या, "बास काकू!" मी म्हणायची, "नवसाचं हाय गं, पानात टाकू नाय!"

एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. मला वाटलं, आभार मानायचे असतील! जरीकाठाचं नेसले, डबाभर पोळ्या घेतल्या. बघते तर रुबीनाभाभीही तिथंच.

हेडबाईंनी डबा पाहिला. "म्हणजे त्या तुम्हीच!"

"व्हय, मीच!" मी खूश.

"अहो, शुक्रवारी सुट्टीनंतर भूमिती असते. चाचणीपण त्याच तासाला. तुमच्या पाचही कुमारिका बाकावर डोकं टेकून घोरतात!"

"मेरी सना तो घर आके भी सोतीच रहती," रुबीनाभाभी म्हणाल्या. "इत्ता घी कायकू डाले, भाभी?"

अगं आई गं! पोरीला पास करायला निघाले अन् मीच तिला झोपवत होते!

"पण बाई, नवस कसा मोडू?"

"मोडू नका. शाळा सुटल्यावर वाढा. आणि दर रविवारी मी जादा तास घेतेय. या झोपाळू पोरींना जागं ठेवायला तुम्ही मागच्या बाकावर बसायचं."

बसले बापडी. बाई फळ्यावर वर्तुळ काढत होत्या. जीवा, त्रिज्या, स्पर्शिका... आवाज कसा संथ, गोड...

टप्प! खडू थेट माझ्या कपाळावर! डोळे उघडले तर अख्खा वर्ग वळून माझ्याकडं बघतोय. वैशाली म्हणाली, "आई, हळू घोर ना गं!"

त्या दिवसापासून एकही पोरगी झोपली नाही. काकू कधी डुलतात, हे बघायचं होतं ना साऱ्यांना! त्या नादात भूमिती कानावर पडत राहिली अन् वैशाली पहिल्याच फटक्यात पास झाली. आईची कृपा.

तुमचीही लेक दहावीला असेल, तर माझं एवढं ऐका. नवस जरूर बोला. पण एक तास तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा बोला. तेवढं कपाळ मात्र सांभाळा, या गणिताच्या बायांचा नेम लई पक्का असतो!