शंकरपटाचा विमानतळ

अभिमन पाटील हा मोहपाणी गावचा पोलीस पाटील. गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. शिवेचे दगड ओलांडले की मध्य प्रदेश. माणूस सरळ, पण चौकस किती! गावात पहिली एसटी आली तेव्हा लोक आत बसायला धावले आणि हा गडी आडवा होऊन तिच्याखाली शिरला.

तर १९५८च्या चैत्रात गावातल्या भटूने ओट्यावर जळगावचं साप्ताहिक मोठ्याने वाचलं : मोहपाण्याच्या शिवेवर दोन राज्यांचा मिळून विमानतळ होणार, धावपट्टी तयार! अभिमन हरखलाच. त्याने विमान कधी जवळून पाहिलं नव्हतं. मग एकदम डोक्यात उजेड पडला. अरे देवा, ही तर आपली शंकरपटाची, बैलांच्या शर्यतीची पट्टी!

शिवेपलीकडचं गाव देवळी. दोन वर्षांपूर्वी चराईवरून दोन्ही गावांत जुंपली ती जुंपलीच. अभिमनची लेक सुमनबाई देवळीच्या झुलाल पाटलाची सून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी येते, पण दोन आखाज्या अभिमनने लेकीला आणायला धाडलेला मुराळी हात हलवत परत आला. बापाचा जीव तुटत होता. यंदा शर्यतीच्या निमित्ताने गावं जवळ यायला तयार झाली, तर शर्यत कुणाच्या जमिनीवर यावरून पुन्हा अडलं. शेवटी अभिमननेच तोड काढली : बैल सुटायचे मोहपाण्यात, पोचायचे देवळीत. दोन्हीकडच्या पोरांनी सरकारी पडीक साफ केलं, चुन्याच्या रेघा ओढल्या. एक बातमीदार सायकलवरून जाताना ते बघून गेला. थांबून कुणाला विचारायचं, तर नाही!

दुसऱ्याच दिवशी, सगळी जमीन विमानतळाला गेली असं समजून, झुलाल शिवेवर येऊन कडाडला, "बठ्ठी जमीन सरकारले दी टाकी का? आम्हले इचारं बी नही! आते सून काही येवाव नही."

त्यात तो बातमीदार पुन्हा हजर. "पाटील, विमानतळ होणार की नाही, एवढंच सांगा."

आली का पंचाईत! हो म्हणावं तर लेक कायमची तुटली. नाही म्हणावं, तर मग ही पट्टी कसली, परवानगी कुणाची, म्हणून देवळीची पोरंही कचाट्यात. अभिमनने त्याला चहा पाजला आणि स्वतःच विचारत सुटला. विमानाचं चाक केवढं असतं? ढगात शिरल्यावर वाट कशी दिसते? गाय आडवी आली तर? हे सगळं त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. बातमीदार कावला, सायकल घेऊन पळाला.

पण साहेबांना कसं पळवणार? बातमी वाचून चोपड्याचे मामलेदार आले. निरोप गेल्यामुळे पलीकडचे तहसीलदारही आले, सोबत तोंड फुगवलेला झुलाल.

"ही पट्टी कुणी केली?" मामलेदारांनी विचारलं.

"मी केली साहेब, बैलांच्या शर्यतीसाठी," अभिमन म्हणाला. "सगळी मीच. दुसऱ्या कुणाचा हात नाही."

झुलाल चमकला. देवळीच्या बाजूकडे बोट दाखवत पुढे झाला. "खोटं सांगस हाऊ! शिवना तथीनी आम्ही करी. आम्हनं बी नाव लिखा."

दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. एका पट्टीसाठी दोन राज्यांत कागद फिरवायचे, म्हणजे पेन्शनीपर्यंत सुटका नाही! मामलेदार हसू दाबत म्हणाले, "म्हणजे विमान नाही?"

"नाही ना साहेब. मलाही वाईट वाटतंय," अभिमन अगदी मनापासून म्हणाला. "पण शर्यत आहे. सुरुवातीला आपण झेंडी धरा, शेवटाला हे साहेब धरतील. बातमीदारालाही बोलावू, डोळ्यांनी बघू दे."

साहेब कबूल झाले. झुलालने जोडे घातले, उपरणं झटकलं, आणि अभिमनकडे न बघताच म्हणाला, "औंदा मुराळी धाडू नका, व्याही. सुमनले मीच माहेरले लई येसू."

अभिमन पाटील तिथेच, दोन राज्यांच्या साहेबांसमोर, ढसाढसा रडला.